गुरुकिल्ली : कुलपाचे मर्म आणि अधिकाराचा प्रश्न

वाशिम : ‘बनावट चावीने कुलूप उघडून रोख रकमेसह दागिने लंपास’ हा मथळा मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना नवा नाही. त्याच अंकाच्या दुसऱ्या एखाद्या पानावर ‘नियमित अभ्यास हीच यशाची गुरुकिल्ली’ असे प्रमुख पाहुण्यांचे उद्गारही हमखास आढळतात. पहिल्या बातमीतील चावी हे गुन्ह्याचे साधन आहे, तर दुसऱ्या बातमीतील किल्ली गौरवाचे प्रतीक ठरली आहे. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी कल्पना एकच आहे. ती म्हणजे एका किल्लीने अनेक कुलपे उघडण्याची. इंग्रजीत या कल्पनेसाठी ‘स्केलेटन की’ आणि ‘मास्टर की’ असे दोन स्वतंत्र शब्द असून त्यांच्या अर्थांत महत्त्वाचे अंतर आहे. मराठी बोलण्यात आणि बातम्यांत मात्र गुरुकिल्ली, मास्टर की, बनावट चावी, डुप्लिकेट चावी या शब्दांची सर्रास सरमिसळ होते. हा प्रश्न केवळ भाषेचा नाही. घराच्या दाराला लावलेले कुलूप कितपत भरवशाचे आहे आणि ते उघडण्याचा अधिकार कोणाचा, या दोन्ही गोष्टींचा उलगडा या शब्दांच्या अर्थातूनच होतो.

सांगाडा उरलेली किल्ली

‘स्केलेटन’ म्हणजे सांगाडा. किल्लीला हे नाव का मिळाले, हे समजण्यासाठी जुन्या पद्धतीच्या कुलपाच्या पोटात डोकावावे लागते. रोमन काळापासून युरोपात प्रचलित असलेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या या कुलपात किल्लीच्या वाटेवर धातूच्या पट्ट्यांचे स्थिर अडथळे बसविलेले असतात. किल्लीच्या पात्यावर नेमक्या त्याच जागी खाचा असतील, तरच ती आत फिरते. खाचा जुळल्या नाहीत, तर किल्ली अडथळ्यावर आपटून थांबते. वरवर पाहता ही रचना चोख वाटते. तथापि तिच्यात एक मूलभूत उणीव आहे. कुलपाचा खटका सरकविण्याचे काम पात्याचा केवळ शेवटचा तुकडा करतो. उरलेल्या पात्याचा कुलूप उघडण्याशी काहीही संबंध नसतो.

चोरांनी आणि कारागिरांनी हे मर्म फार पूर्वी ओळखले. अडथळ्याला लागणारा किल्लीचा सारा भाग कानशीने घासून टाकला आणि टोकाचा आवश्यक तेवढा तुकडा शिल्लक ठेवला, तर ती किल्ली अडथळ्यांना स्पर्शही न करता फिरते. एवढेच नव्हे, तर त्याच मापाच्या, परंतु वेगवेगळ्या अडथळ्यांच्या अनेक कुलपांत ती चालते. मांस गळून केवळ हाडे उरावीत, तशी ही किल्ली. म्हणूनच तिला सांगाड्याचे नाव मिळाले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सांगाडा-किल्लीचे सामर्थ्य तिच्या स्वतःच्या अंगी नसते. ते कुलपाच्या दुबळेपणातून आलेले असते. स्वस्त कपाटे, प्रवासी पेट्या, टेबलांचे खण यांची कुलपे आजही अत्यंत साध्या रचनेची असतात आणि त्यांच्या किल्ल्यांचे प्रकारही मोजकेच असतात. शेजाऱ्याच्या कपाटाची किल्ली आपल्या कपाटाला लागते, हा अनेक घरांतील अनुभव त्यामुळेच येतो.

गुरुकिल्ली म्हणजे काय?

मास्टर की ही याहून सर्वस्वी वेगळी वस्तू आहे. तिच्यासाठी मराठीत ‘गुरुकिल्ली’ हा नेमका शब्द आहे. गुरू म्हणजे थोर, वरच्या दर्जाचा. इतर किल्ल्यांच्या वर असलेली ती गुरुकिल्ली. ही किल्ली कुलपाच्या उणिवेतून जन्मलेली नसते. कुलूप तयार करतानाच ते दोन किल्ल्यांनी उघडेल अशी योजना केलेली असते. शंभर खोल्यांच्या हॉटेलात प्रत्येक पाहुण्याची किल्ली केवळ त्याच्याच खोलीला लागते, व्यवस्थापकाची किल्ली मात्र सर्व खोल्या उघडते. वसतिगृहे, रुग्णालये आणि मोठी कार्यालये यांतही हीच पद्धत असते. अनेक ठिकाणी तर एका मजल्याची वेगळी आणि संपूर्ण इमारतीची त्याहून वरची, अशी उतरंडही आढळते.

उरलेल्या दोन शब्दांचाही अर्थ येथेच स्पष्ट केलेला बरा. डुप्लिकेट चावी म्हणजे एका विशिष्ट किल्लीची हुबेहूब प्रत. ती मूळ किल्लीचेच कुलूप उघडते. पोलिसांच्या नोंदींत आणि बातम्यांत येणारी ‘बनावट चावी’ मात्र सैल शब्द आहे. गुपचूप काढलेली प्रत, घासून तयार केलेली सांगाडा-किल्ली, झिजलेल्या कुलपात हलवून बसविलेली भलतीच किल्ली किंवा वाकविलेली तार, यांपैकी काहीही त्यात येऊ शकते. दुचाकी चोरीच्या बातम्यांत ‘मास्टर की’चा उल्लेख असतो, तेव्हाही ती वाहन कंपनीने तयार केलेली गुरुकिल्ली क्वचितच असते. वर्षानुवर्षांच्या वापराने झिजलेल्या कुलपाला कोणतीही घासलेली किल्ली लागू शकते, एवढाच त्याचा बहुधा अर्थ असतो.

या शब्दांचा प्रवासही रंजक आहे. ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘शाव्ह’ या शब्दावरून आला, तर ‘कुलूप’ हे अरबी ‘कुफ्ल’चे मराठी रूप होय. वऱ्हाडात ‘चाबी’ हे रूपही कानी पडते. परदेशी नावांच्या या वस्तूंमध्ये ‘गुरुकिल्ली’ने मात्र देशी पेहराव केला आणि ती व्याख्यानांतून, अग्रलेखांतून थेट सुभाषितात जाऊन बसली.

कुलूप शहाणे होत गेले

सांगाडा-किल्लीला उत्तर देण्यासाठी कारागिरांनी कुलपाच्या आत स्थिर अडथळ्यांऐवजी हलणारे भाग बसविले. इंग्लंडमध्ये १७७८ मध्ये रॉबर्ट बॅरन यांनी लिव्हरच्या कुलपाचे पेटंट घेतले. त्यातील प्रत्येक लिव्हर ठरावीक उंचीपर्यंतच उचलला गेला पाहिजे. कमी उचलला तरी खटका अडतो आणि जास्त उचलला तरी अडतो. येथे किल्लीचा प्रत्येक दाता कामाला लागतो. त्यामुळे पाते घासून टाकण्याची युक्ती निरुपयोगी ठरते. जोसेफ ब्रामा यांनी १७८४ मध्ये निराळ्या रचनेचे कुलूप आणले, तर जेरेमाया चब यांचे १८१८ मधील कुलूप कोणी छेडछाड केल्यास स्वतःच अडकून पडे आणि मालकाला त्याची वर्दी देई.

ही कुलपे अभेद्य असल्याचा समज १८५१ मध्ये लंडनच्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात धुळीस मिळाला. अमेरिकी कुलूपतज्ज्ञ आल्फ्रेड हॉब्स यांनी चब यांचे कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखविले. ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत अनेक वर्षे २०० गिनींचे बक्षीस जाहीर करून ठेवलेले कुलूपही त्यांनी सुमारे ५१ तासांच्या चिकाटीने उघडले. अशा उणिवा चारचौघांत सांगाव्यात की नाही, यावर तेव्हा मोठा वाद झाला. चोर आपल्या धंद्यात आधीच निष्णात असतात, त्यांना नवे काही कळत नाही. अज्ञान राहते ते घरमालकाचे, असा हॉब्स यांचा पक्ष होता. आजही सुरक्षातज्ज्ञ याच युक्तिवादाचा आधार घेतात.

त्यानंतरचे मोठे पाऊल अमेरिकेतील लायनस येल यांचे. त्यांनी १८६० च्या दशकात पिनांच्या कुलपाला आजचे रूप दिले. लाकडी पिनांची कुलपे प्राचीन इजिप्तमध्ये वापरात होती. तेच तत्त्व येल यांनी लहानशा धातूच्या नळीत बसविले. आत एका ओळीत स्प्रिंगवर तोललेल्या पिना असतात आणि प्रत्येक पिन दोन तुकड्यांची असते. योग्य किल्ली घातली की सर्व पिनांमधील फटी एकाच रेषेत येतात आणि नळी फिरते. पाच पिना आणि प्रत्येकीच्या दहा उंची धरल्या, तर कागदावर एक लाख वेगवेगळ्या किल्ल्या संभवतात. प्रत्यक्षात ही संख्या कमी भरते. परंतु जुन्या कुलपाच्या तुलनेत ती फारच मोठी आहे.

भारतात या उद्योगाची दोन ठळक केंद्रे म्हणजे उत्तर प्रदेशातील अलिगड आणि मुंबई. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईतील लालबाग येथे कुलपांचा कारखाना सुरू केला. आज नानाविध वस्तू तयार करणाऱ्या त्या उद्योगसमूहाचा पाया कुलपानेच घातला गेला. बाजारात आजही ‘सहा लिव्हर’, ‘सात लिव्हर’ अशा मोजणीने कुलूप विकले जाते. ती मोजणी म्हणजे किल्लीला एकाच वेळी किती प्रश्नांची अचूक उत्तरे द्यावी लागतात, त्याचा आकडा होय.

एक किल्ली फुटली, की सारी कुलपे फुटतात

सांगाडा-किल्लीचे दिवस बऱ्याच अंशी सरले असले, तरी गुरुकिल्लीने नवा धोका निर्माण केला आहे. पिनांच्या कुलपात गुरुकिल्लीची सोय करण्यासाठी काही पिनांना आणखी एक तुकडा जोडावा लागतो. त्यामुळे कुलूप एकाऐवजी अनेक किल्ल्यांना मान तुकवू लागते. सोय वाढते, तसा कुलपाचा कडेकोटपणा कमी होतो. अमेरिकेतील संगणक-सुरक्षा संशोधक मॅट ब्लेझ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याहून गंभीर बाब दाखवून दिली. अशा इमारतीतील एका खोलीची वैध किल्ली आणि ते कुलूप हाताशी असलेली व्यक्ती काही कोऱ्या किल्ल्यांच्या मदतीने संपूर्ण इमारतीच्या गुरुकिल्लीचा आकार शोधू शकते, असा तो निष्कर्ष होता.

अमेरिकेत मुलाबाळांकडे जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या पेट्यांवर अलीकडे लाल चिन्हाची कुलपे दिसतात. तेथील विमानतळ सुरक्षा यंत्रणेला सामान तपासता यावे, म्हणून या कुलपांसाठी मोजक्या प्रकारच्या गुरुकिल्ल्या ठरविलेल्या आहेत. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाने २०१४ मध्ये एका लेखासोबत या किल्ल्यांच्या जुडग्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले. त्या छायाचित्रावरून २०१५ मध्ये किल्ल्यांचे आराखडे तयार होऊन इंटरनेटवर पसरले आणि घरगुती त्रिमितीय छपाई यंत्रावर प्रती निघू लागल्या. एकाही कुलपाला हात न लावता असंख्य पेट्यांची कुलपे नाममात्र झाली. घराच्या किल्लीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये, असे सांगितले जाते, त्यामागे हाच धडा आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण प्रत्येक शहरातील बँकेत आहे. लॉकर उघडताना बँकेचा कर्मचारी आधी आपली किल्ली फिरवितो. बँकेत तिला ‘मास्टर की’ म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु खऱ्या अर्थाने ती गुरुकिल्ली नव्हे. ती सर्व लॉकरांना लागते, मात्र एकटीने एकही लॉकर उघडत नाही. ग्राहकाची किल्लीही एकटी निरुपयोगीच असते. अधिकार दोन हातांत वाटून ठेवण्याची ही पद्धत कोषागारातील दुहेरी कुलपासारखीच आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लॉकरविषयी सुधारित सूचना जारी केल्या आणि त्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झाल्या. त्यानुसार लॉकरच्या किल्लीवर बँक व शाखेचा ओळख संकेतांक कोरणे आवश्यक आहे. तसेच आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्यांची फसवणूक यांमुळे लॉकरमधील ऐवज गेल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत ठरविण्यात आले आहे.

कायदा किल्लीकडे नव्हे, अधिकाराकडे पाहतो

कुलूप कोणत्या किल्लीने उघडले, याला कायद्यात फारसे महत्त्व नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये घरफोडीची व्याख्या आहे. पूर्वी ती भारतीय दंड संहितेच्या कलम ४४५ मध्ये होती. गुन्ह्याच्या हेतूने घरात शिरताना कुलूप उघडून प्रवेश केला, तर ती घरफोडी ठरते. कुलूप तोडलेच पाहिजे, अशी अट नाही. कायद्यातील उदाहरणे यादृष्टीने बोलकी आहेत. दाराच्या छिद्रातून तार घालून कडी उचलणे ही घरफोडी आहे. त्याचप्रमाणे एखाद्याची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने दार उघडून कोणी असा गृहप्रवेश केला, तर तीही घरफोडीच. म्हणजे किल्ली अस्सल असली तरी अधिकाराशिवाय ती बनावट किल्लीइतकीच गुन्हेगार ठरते. याशिवाय सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत समाधानकारक कारणाविना घरफोडीची साधने जवळ बाळगणे हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १२२ अन्वये गुन्हा आहे. चौकात बसून किल्ल्या करून देणाऱ्या कारागिराच्या हाती तीच कानस आणि त्याच कोऱ्या किल्ल्या असतात. परंतु त्याचा हेतू आणि कारण वैध असल्याने तो प्रामाणिक व्यावसायिक असतो.

कुलूप हे अंतिमतः अधिकाराचे चिन्ह आहे, याची साक्ष वाशिम जिल्ह्याइतकी क्वचितच दुसऱ्या जिल्ह्याने दिली असेल. मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर हे जैन धर्मीयांचे प्राचीन तीर्थक्षेत्र. मूर्ती आणि मंदिर यांच्या अधिकारावरून श्वेतांबर व दिगंबर पंथीयांत दीर्घकाळ वाद आहे. दोन्ही पंथांनी १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. तथापि तंटा मिटला नाही. प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढत १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचले. स्वातंत्र्यानंतरही मूर्तीच्या लेपावरून वाद धुमसत राहिला आणि १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले. त्यानंतर तब्बल चार दशके भाविकांना मूर्तीचे दर्शन पूर्वीसारखे घेता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२३ रोजी लेपासंबंधी अंतरिम आदेश दिला आणि मार्च २०२३ मध्ये मंदिराची दारे उघडली. दारे उघडली म्हणून मतभेद संपले, असे मात्र झाले नाही.

शिरपूरचे कुलूप कोणताही साधा कारागीर काही मिनिटांत उघडू शकला असता. चार दशके ते कोणी उघडले नाही, कारण दाराला लागलेले लोखंड हा त्या कुलपाचा सर्वांत कच्चा भाग होता. उघडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्याहून बळकट होता आणि त्याला लागू पडणारी सांगाडा-किल्ली नव्हती.

वाशिमची आणखी एक किल्ली

गुरुकिल्लीचा लाक्षणिक अर्थ किती सार्थ असू शकतो, याचेही उदाहरण वाशिममध्येच आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचे अस्तित्वच दीर्घकाळ अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिले होते. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात तिची वंशावळ कोरलेली होती. परंतु अक्षरे झिजल्याने मूळ पुरुषाचे नाव चुकीचे वाचले गेले. वाशिम येथे १९३९ मध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचा संस्कृत व प्राकृत ताम्रपट सापडला, तेव्हा त्यात सर्वसेनाचे नाव स्पष्ट मिळाले. त्याच्या आधारे वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख नव्याने लावला आणि एका राजवंशाचा बंद इतिहास खुला झाला. एका ताम्रपटाने दूरवरच्या लेण्यातील कोडे उलगडले, याला गुरुकिल्ली म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

घरमालकाने काय करावे?

व्यवहारात या साऱ्याचा अर्थ सोपा आहे. बाहेरच्या दाराला अधिक लिव्हरचे किंवा चांगल्या प्रतीचे पिनांचे कुलूप असावे. कुलूप कितीही भक्कम असले तरी कोयंडा दोन आखूड स्क्रूंवर तोललेला असेल, तर चोर कुलपाच्या वाटेला जातच नाही; तो कडी-कोयंडाच उचकटतो. जुने घर विकत किंवा भाड्याने घेतल्यास कुलूप बदलावे, कारण आधीच्या रहिवाशांनी किती प्रती काढल्या, याचा हिशेब नव्या रहिवाशाकडे नसतो. दुचाकीचे कुलूप कोणत्याही किल्लीने फिरू लागले असेल, तर ते बदलणे वाहन चोरीला जाण्यापेक्षा निश्चितच स्वस्त आहे. चाके अडकविणारे वेगळे कुलूप लावल्यास चोराचे काम दुप्पट होते. गृहनिर्माण संस्था, वसतिगृहे आणि दवाखाने यांनी आपल्या गुरुकिल्लीची नोंदवही ठेवावी. ती कोणाकडे गेली आणि केव्हा परत आली, हे लिहिलेले असावे. गुरुकिल्ली हरवली, तर एक किल्ली हरवली असे न मानता सर्व कुलपे उघडी पडली, असे समजून ती बदलावीत.

यशाची गुरुकिल्ली शोधण्याचा उपदेश यापुढेही व्यासपीठांवरून होत राहील. घराच्या बाबतीत मात्र सर्व कुलपांना लागणारी किल्ली जितकी दुर्मीळ, तितकी घरातील माणसांची झोप निर्धास्त.